हंगाम, सत्र आणि पर्व : पेण-रोहा परिसरातील कबड्डीचे स्थळ, काळ आणि प्रक्षेपण

१

सामने कोठे व केव्हा भरतात आणि ते दूरचित्रवाणीवर केव्हा दिसतात, हा प्रश्न वरवर पाहता महाविद्यालयाच्या सूचनाफलकाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात काय आहे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. परंतु रायगड जिल्ह्याच्या पेण व रोहा या तालुक्यांत कबड्डीच्या सामन्यांचा काळ लोक कोणत्या शब्दांनी सांगतात याकडे थोडे लक्ष दिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. गावच्या स्पर्धांविषयी बोलताना ‘हंगाम’ हा शब्द येतो. महाविद्यालयीन स्पर्धांची गोष्ट निघाली की ‘सत्र’ हा शब्द येतो. दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कबड्डीसाठी मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेला शब्द मात्र ‘पर्व’ हा आहे.

हे तीन शब्द पर्यायवाचक नाहीत. ‘हंगाम’ हा फारसीतून आलेला शब्द. मूळ अर्थ वेळ, समय. मराठीत तो पिकाशी जोडला गेला आणि खरिपाचा हंगाम, आंब्याचा हंगाम असे प्रयोग रूढ झाले. हंगाम ठरवावा लागत नाही, तो येतो. ‘सत्र’ हा वैदिक परंपरेतला शब्द. बारा किंवा अधिक दिवस चालणारा सोमयाग म्हणजे सत्र. आरंभ, समाप्ती व मधले विधी नेमून दिलेला काळ ही त्यातील कल्पना शैक्षणिक ‘सत्रा’त जशीच्या तशी उतरली आहे. ‘पर्व’ म्हणजे पेर, सांधा. त्यावरून सणाचा दिवस आणि त्यावरूनच महाभारतासारख्या ग्रंथाचा विभाग. पर्व हे नेहमी कशाचे तरी असते, आणि एकामागून एक ऐकायच्या कथेचे ते असते.

एकाच खेळाला तीन कालगणना लागू आहेत, आणि त्या ठरविणारे तीन वेगवेगळे धनी आहेत, ही वस्तुस्थिती या तीन शब्दांत सामावलेली आहे. पेण-रोह्याच्या विद्यार्थी-खेळाडूचे भवितव्य या तीन कालगणनांच्या मेळावर अवलंबून असते, आणि तो मेळ बहुधा बसत नाही. हे कसे घडते याचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम हंगामाचा विचार करू. पेण तालुक्याचा पश्चिमेकडील खारेपाट आणि रोह्याचे कुंडलिकेच्या काठचे खोरे हा भातशेतीचा मुलूख आहे. आषाढात लावणी चालते. त्याच सुमारास पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांतील गणपतीच्या कारखान्यांत कामाची घाई सुरू होते. भाद्रपद चतुर्थीपर्यंत तरुण हातांना उसंत नसते. पुढे आश्विन-कार्तिकात कापणी व झोडणी होते. खारेपाटात बहुतांशी एकच पीक निघत असल्याने त्यानंतर शेते मोकळी होतात. मोकळे शेत, मोकळे हात आणि कोरडे आकाश या तीन गोष्टी एकत्र आल्यावाचून मातीवरची कबड्डी भरविता येत नाही. म्हणून कार्तिकापासून वैशाखापर्यंतचा काळ हा गावच्या स्पर्धांचा काळ होय.

या काळातही दिवस कसेही निवडले जात नाहीत. ग्रामदेवतेची जत्रा, शिवजयंती, मंडळाचा वर्धापनदिन आणि शिमगा हे त्यातील मुख्य खुंट. शिमग्याला मुंबईचे चाकरमानी गावी येतात. म्हणजे प्रेक्षकही येतात आणि वर्गणीही येते. मुंबईच्या गिरणगावात कबड्डी रुजली ती कोकणातून गेलेल्या कामगारांच्या आधाराने, हे सर्वश्रुत आहे. गावचा हंगाम आणि लालबाग-परळच्या गल्लीतला खेळ यांच्यामधला दुवा या येण्याजाण्याने टिकून राहिला.

स्थळ म्हणाल तर गावालगतचे शेत. भेगाळलेली जमीन फोडावी, ढेकळे काढावीत, पाणी शिंपडावे, रूळ फिरवावा आणि पांढऱ्या फक्कीने रेषा आखाव्यात, की मैदान सिद्ध होते. पुरुषांसाठी ते १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते, स्त्रियांसाठी १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. वेळ रात्रीची, प्रकाशझोताखाली. रात्रच का, याला कारण आहे. दिवसा शेताची इतर कामे असतात. शिवाय रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत पाळ्या चालतात, आणि पहिल्या पाळीचा कामगार रात्रीच मोकळा असतो. माघातल्या रात्री शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लावावी आणि पलीकडे सामना चाललेला असावा, हा या भागातला परिचित देखावा आहे.

निमंत्रणपत्रिकेत ‘रात्री ठीक ८ वाजता’ असे छापलेले असते. पहिली चढाई त्या वेळी होत नाही, हे छापणारा जाणतो आणि वाचणाराही जाणतो. येथे ‘ठीक’ हा शब्द घड्याळाचा निर्देश करीत नाही. तो आमंत्रणाच्या औपचारिकतेचा अंश आहे. हंगामाच्या काळात मिनिटाला फारसे मोल नसते. संघ पायी, दुचाकीने किंवा टेम्पोने येणार, ते आल्यावर सामना लागणार आणि अंतिम सामना पहाटेपर्यंत लांबला तरी कोणाची तक्रार नसणार, असा हा सगळा व्यवहार असतो.

३

आता सत्राकडे वळू. मुंबई विद्यापीठाचा विस्तार मुंबईपासून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपर्यंत आहे. एवढ्या विस्तारात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार घेणे क्रमप्राप्तच असते. महाविद्यालयाचा संघ, विभागीय स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही शिडी आहे. तिच्या वरच्या पायऱ्या भारतीय विद्यापीठ संघाच्या ताब्यात आहेत. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून स्थापन झालेली ही संस्था १९७३ पासून आजच्या नावाने ओळखली जाते. आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डीचा प्रवेश १९६१ साली झाला.

या शिडीचा काळ शैक्षणिक वर्षाने बांधलेला आहे. वरच्या पायऱ्या साधारणतः हिवाळ्यात पार पडायच्या असल्याने खालच्या पायऱ्या त्याच्या आधी, म्हणजे बहुधा पावसाळ्यात व सत्रपरीक्षेच्या आगेमागे उरकाव्या लागतात. ज्या दिवसांत पेणच्या विद्यार्थ्याचे शेत पाण्याखाली आहे, घरी लावणी आहे किंवा कारखान्यात मूर्तींचे रंगकाम बाकी आहे, त्याच दिवसांत त्याला निवडीची कसोटी द्यावी लागते. आणि ज्या महिन्यांत रात्रंदिवस खेळून तो आपल्या ऐन बहरात असतो, तेव्हा विद्यापीठाचा संघ निवडून झालेला असतो.

प्रेक्षकांची स्थितीही उलटी आहे. गावच्या सामन्याला शेताच्या कडेने माणसे दाटीने उभी असतात. महाविद्यालयीन सामना कामकाजाच्या दिवशी सकाळी असतो. तेथे दोन संघ, दोन प्रशिक्षक, पंच आणि तासिका चुकवून आलेले काही वर्गमित्र एवढीच उपस्थिती. तथापि नोंद होते ती याच सामन्याची. परीक्षेतील सवलतीचे गुण आणि पुढे शासकीय सेवेतील ५ टक्के क्रीडा आरक्षण यांचा विचार होताना अधिकृत स्पर्धेतील कामगिरी लागते. गावच्या निमंत्रित स्पर्धेतला चषक घरच्या फळीवर शोभतो. अर्जाला तो जोडता येत नाही. तात्पर्य, ‘कोठे व केव्हा खेळला’ या प्रश्नाच्या उत्तरावर येथे नोकरीची शक्यता अवलंबून असते.

अलीकडे या शिडीला आणखी एक पायरी जोडली गेली आहे. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडास्पर्धा २०२० साली फेब्रुवारी-मार्चमध्ये भुवनेश्वर येथे प्रथम भरल्या आणि कबड्डीचा त्यांत समावेश झाला. विद्यापीठीय कबड्डी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. परंतु यानंतरच्या स्पर्धा २०२२ मध्ये एप्रिल-मे महिन्यांत बंगळूरला, २०२३ मध्ये मे-जून महिन्यांत उत्तर प्रदेशात आणि २०२४ मध्ये फेब्रुवारीत ईशान्य भारतात झाल्या. ज्या स्पर्धेला ठरलेला महिना नाही, तिची वाट पाहण्याची सवय प्रेक्षकाला लागू शकत नाही.

४

येथे अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडेल. तेथील विद्यापीठे निरनिराळ्या परिषदांत विभागलेली आहेत. नोव्हेंबरपासून साखळी सामने चालतात आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक परिषद आपली स्वतंत्र बाद स्पर्धा भरविते. तिचा विजेता संघ राष्ट्रीय स्पर्धेत हक्काने प्रवेश करतो; ही राष्ट्रीय स्पर्धा १९३९ पासून चालत आलेली आहे. अटलांटिक किनाऱ्यावरील एका प्रमुख परिषदेने आपली पहिली स्पर्धा १९५४ साली उत्तर कॅरोलायनातील रॅली या गावी घेतली. ‘बिग ईस्ट’ या परिषदेची स्पर्धा १९८३ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये भरत आली आहे.

या व्यवस्थेचे मर्म असे की तेथे तिन्ही कालगणना एकत्र बांधल्या गेल्या आहेत. सभागृह बंदिस्त असल्याने हंगामाचा अडसर नाही. सामने महाविद्यालयाचेच असल्याने सत्राशी जुळवून घेतले जाते. आणि अंतिम सामने संपतात त्या रविवारी सायंकाळी राष्ट्रीय स्पर्धेतील संघांची नावे दूरचित्रवाणीवरून जाहीर होतात, त्यामुळे प्रक्षेपणाची वेळ हाच सर्व वेळापत्रकाचा शेवटचा खुंट ठरतो. तेथील प्रेक्षकाला तारीख पाहावी लागत नाही. मार्च म्हटले की त्याला कळते. या मेळाची किंमतही आहे. सामन्याची घटका प्रेक्षकाच्या सोयीने ठरते आणि विद्यार्थ्याला ऐन सत्रात प्रवास करावा लागतो. ते अनुकरणीय आहे असे येथे सुचवावयाचे नाही. आपल्याकडे काय विखुरलेले आहे हे त्यावरून स्पष्ट दिसते, एवढेच.

५

आपल्याकडील पर्वाचा आरंभ २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत, वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात झाला. प्रो कबड्डी लीगचे ते पहिले पर्व ३१ ऑगस्टपर्यंत चालले आणि ते दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांची संख्या ४३ कोटी ५० लाख असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. कबड्डीला हे माध्यम मानवले यात आश्चर्य नाही. बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. कबड्डीचे त्याच्या एक तृतीयांशाहूनही लहान. दोन्ही बाजूंचे मिळून चौदा खेळाडू एकाच चौकटीत मावतात. चढाई ३० सेकंदांची, सामना ४० मिनिटांचा. दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण मिळवावा किंवा बाद व्हावे, हा नियम तर रेंगाळणाऱ्या खेळाला गती देण्यासाठीच आला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो महिना. जुलै-ऑगस्ट हा काळ मातीवरच्या कबड्डीला सर्वथा वर्ज्य. महाराष्ट्रात शंकरराव उर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी खारेपाटातल्या प्रत्येक संभाव्य मैदानावर पाणी उभे असते. मात्र मॅटवर आणि छपराखाली खेळणाऱ्यांना पावसाची बाधा नाही. पेणच्या तरुणाने लावणी करून घरी यावे आणि रात्री पडद्यावर कबड्डी पाहावी, अशी नवी सांगड त्यामुळे पडली. जेथे वर्षातील सहा महिने हा खेळ नजरेआड होत असे, तेथे तो पावसाळ्यातही बोलण्याचा विषय झाला. ही जमेची बाजू होय.

परंतु पर्वाला स्वतःचा महिना नाही. २०१६ साली एक पर्व जानेवारीअखेर सुरू झाले व दुसरे जूनमध्ये. २०१८ साली आशियाई क्रीडास्पर्धांमुळे आरंभ ऑक्टोबरात गेला. २०२० साली साथीमुळे पर्वच झाले नाही; पुढचे पर्व डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात बंगळूरच्या एकाच जागी, प्रेक्षकांवाचून पार पडले. या शेवटच्या प्रसंगी स्थळ पूर्णपणे अर्थशून्य झाले, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. हंगामाला स्थळ असावेच लागते, सत्राला कागदोपत्री तरी असते. पर्व मात्र प्रसंगी त्यावाचूनही चालू शकते.

सहावे पर्व ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत संपले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ६६ वी वरिष्ठ गट राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा रोह्यास भरली. पुरुष गटाचे अजिंक्यपद भारतीय रेल्वेच्या संघाने मिळविले. कोकण रेल्वेचा मार्ग जेथून सुरू होतो त्या या लहानशा गावी, ऐन हंगामात, पडद्यावरच्या पर्वातले खेळाडू प्रत्यक्ष आले. तीनांपैकी दोन कालगणना त्या आठवड्यात रोह्यात एकत्र आल्या होत्या. तिसरी, म्हणजे विद्यार्थ्यांची, तेवढी प्रेक्षकांत होती.

६

स्थळ व काळ बदलले की बोलणेही बदलते. या खेळाच्या नावाचेच पाहा. महाराष्ट्रात तो हुतूतू होता, बंगालमध्ये हाडुडू, तमिळनाडूत सडुगुडु. खेळाडूने दम घेत जो नाद करायचा तोच प्रांतोप्रांती खेळाचे नाव झाला. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि देशभर एकत्र खेळायचे तर नाद एकच हवा म्हणून ‘कबड्डी’ हे नाव सर्वत्र स्थिरावले. स्पर्धेचे क्षेत्र वाढले की शब्द एकरूप होतात, याचे हे जुने उदाहरण.

गावच्या मैदानावर आजही दोन भाषारूपे शेजारी नांदतात. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक प्रमाण मराठीत बोलतो : ‘चढाई’, ‘पकड’, ‘पट काढला’, ‘लोण चढविला’. कडेचा आगरी प्रेक्षक मात्र ‘पकर’ म्हणून ओरडतो आणि गडी ‘परला’ म्हणतो. स्वरांमधील ‘ड’चा ‘र’, ‘ण’चा ‘न’ व ‘ळ’चा ‘ल’ होणे ही या बोलीची परिचित लक्षणे आहेत. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली मांडलेली उच्च व सामान्य भाषारूपांच्या सहअस्तित्वाची कल्पना येथे काटेकोरपणे लागू होत नाही, कारण निवेदकही रंगात आला म्हणजे ‘पकर’वर येतो. किंबहुना तो केव्हा येतो हेच अभ्यसनीय आहे. गुण सांगताना, देणगीदाराचे नाव घेताना तो प्रमाण भाषा सोडत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत घरचा संघ एका गुणाने मागे असला, की सोडतो.

दुसरी बाब दर्शक शब्दांची. मैदानावरचा निवेदक समोर दिसणाऱ्या खेळाविषयी बोलतो. ‘हा बघा’, ‘इकडचा गडी’, ‘तो आपला’ एवढ्याने त्याचे भागते. आकाशवाणीवरील समालोचकाला ही सोय नव्हती. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसल्याने त्याला सर्व काही नावानिशी सांगावे लागे. क्रिकेटच्या मराठी समालोचनात बाळ ज. पंडित यांनी जी परिभाषा रुळविली ती या गरजेतून. दूरचित्रवाणीचा समालोचक काय घडले हे सांगत नाही, ते का घडले हे सांगतो. ‘अव्वल चढाई’, ‘अव्वल पकड’ यांसारखे वृत्तपत्रांतून रूढ झालेले शब्द या तिसऱ्या प्रकारच्या बोलण्याला पुरविले गेले आहेत.

आता गावचे सामने मोबाइलवरून यूट्यूबवर थेट दाखविले जातात. मुंबईत किंवा आखातात नोकरीस असलेला भाऊ ते पाहतो. निवेदकाला हे ठाऊक असते. त्यामुळे ‘इकडचा गडी’ जाऊन त्याच्या तोंडी गावाचे, मंडळाचे व खेळाडूचे पूर्ण नाव येऊ लागते, आणि ‘पकर’ची जागा ‘टॅकल’ घेऊ लागते. हंगामाच्या मैदानावर पर्वाची भाषा उतरते ती अशी. यात खेद मानण्यापेक्षा निरीक्षण करणे अधिक उपयुक्त, कारण एवढ्या अल्पावधीत, एवढ्या उघडपणे होणारा भाषिक बदल अभ्यासकाला सहसा पाहावयास मिळत नाही.

७

निष्कर्ष थोडक्यात मांडता येतील. हंगाम जमीन व श्रम ठरवितात, सत्र विद्यापीठ ठरविते आणि पर्व प्रक्षेपण करणारी संस्था ठरविते. पेण-रोह्याचा विद्यार्थी खेळतो हंगामात, मोजला जातो सत्रात आणि पाहतो पर्व. त्याचा उत्तम खेळ जेथे दिसतो तेथे त्याची नोंद नाही, आणि जेथे नोंद आहे तेथे त्याला पाहणारे कोणी नाही.

पैकी पर्व आपल्या हाती नाही आणि हंगाम कोणाच्याच हाती नाही. सत्र मात्र विद्यापीठाच्या, म्हणजे अंशतः आपल्या हाती आहे. विभागीय स्पर्धांच्या तारखा ठरविताना लावणी, गणपती व कापणी यांचे दिवस जिल्हावार विचारात घेणे अशक्य नाही. परीक्षेचे वेळापत्रक लावताना आपण सणांचा विचार करतोच. आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना सायंकाळी ठेवून तो विद्यार्थ्यांनीच मोबाइलवरून दाखविला, तर त्यास खर्चही फारसा नाही. ज्या गावांतून खेळाडू येतात ती गावे तो पाहतील, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.

आपल्या विभागापुरते काम याहून लहान आहे. निवेदकांची जुनी ध्वनिमुद्रणे, स्पर्धांच्या पत्रिका व फलक पुष्कळांच्या घरी पडून असतात आणि घर रंगविताना टाकून दिले जातात. पेण व रोहा येथील महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या सहकाऱ्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती मिळतील तेथून जमवावीत, आणि प्रत्येकावर स्थळ, दिनांक व वेळ लिहून ठेवावी. पत्रिकेत छापलेली वेळ आणि पहिली चढाई प्रत्यक्ष झाली ती वेळ, अशा दोन्ही लिहिल्यास अधिक चांगले.